राख कोण झाडतं?

ब्रिटिश लेखिका डायना विन जोन्स यांनी १९९६ मध्ये ‘द टफ गाइड टू फँटसीलँड’ नावाचं एक खट्याळ पुस्तक लिहिलं. रूप प्रवाशांसाठीच्या मार्गदर्शिकेचं, देश मात्र कुठेच नसलेला. तलवारी, जादूगार आणि भविष्यवाण्या यांनी भरलेल्या असंख्य कादंबऱ्यांनी मिळून जो सामायिक प्रदेश तयार केला, त्याची ही वर्णानुक्रमे लावलेली टवाळी. या देशातले घोडे दिवसभर चौखूर उधळतात, पण दमत नाहीत आणि लंगडतही नाहीत. त्यामुळे जोन्सबाईंना शंका येते, की ही जनावरं मुळात वनस्पतींच्या जातीची असावीत आणि त्यांची पैदास परागीकरणाने होत असावी. जेवायला प्रत्येक मुक्कामी एकच पदार्थ, स्ट्यू. दिवसभर पायपीट करून आलेल्या माणसाने तासन् तास शिजणारा पदार्थच का निवडावा, हे कोणी विचारत नाही.

विनोद बाजूला ठेवला तर तक्रार गंभीर आहे. लेखकाने राजांच्या सात पिढ्यांची वंशावळ मांडली, देवांची नावं ठरवली, नकाशात डोंगर काढले आणि घोड्याला पाणी पाजायचं राहून गेलं. वंशावळीतली चूक वाचकाच्या ध्यानातही येत नाही. न दमणारा घोडा मात्र लगेच खटकतो, कारण दमणं काय असतं हे वाचकाला अंगानेच ठाऊक असतं.

हा प्रश्न आता मराठीत लिहिणाऱ्यांच्याही पुढ्यात आहे. किंडलवर मराठी ई-पुस्तक लेखकाला स्वतः प्रकाशित करता येतं, ‘प्रतिलिपी’सारख्या मंचावर कादंबरी भागाभागाने वाचकांपर्यंत नेता येते. परवानगी कोणाची लागत नाही, पण त्याचबरोबर समासात प्रश्नचिन्ह काढणारा संपादकही उरत नाही. ते प्रश्न मग स्वतःलाच विचारावे लागतात. त्यातला सर्वांत उपयोगी प्रश्न असा: मी केलेल्या कल्पनेचा भार या जगात रोज कोण उचलतं?

एक बदल, अनेक पडसाद

ब्रँडन सँडरसन यांच्या ‘मिस्टबॉर्न’ (२००६) कादंबरीत आकाशातून राख पडते. एवढंच असतं तर ती रंगमंचावरच्या धुरासारखी शोभेची बाब राहिली असती. पण त्या साम्राज्यात ‘स्का’ नावाचा राबणारा वर्ग आहे, आणि रस्त्यांवरची राख झाडणं त्याच्या वाट्याला आलं आहे. झाडंझुडपं तपकिरी आहेत, फूल ही जुन्या काळातली ऐकीव गोष्ट झाली आहे. एका कल्पनेतून श्रमविभागणी निघाली, निसर्ग बदलला आणि माणसांची आस कशाची असेल तेही ठरलं.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ (१९९६) मध्ये ऋतू कित्येक वर्षं टिकतात. मग उत्तरेतला विंटरफेल किल्ला गरम पाण्याच्या झऱ्यांवर उभा राहतो, ते पाणी भिंतींमधून खेळवलेलं असतं आणि भाजीपाल्यासाठी काचेच्या बागा असतात. किल्ल्याबाहेरचं गाव उन्हाळ्यात बरंचसं ओस असतं. हिवाळा सुरू झाला की आसपासची माणसं तिथे आसऱ्याला येतात. रिकाम्या घरांची ती ओळ पाहिली की या देशातली माणसं हिवाळ्याकडे कशी बघतात हे कळतं. त्यासाठी वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

हीच रीत आपण एका कोऱ्या कल्पनेवर लावून पाहू. समजा, एका राज्यात मेलेला माणूस तेराव्या दिवसापर्यंत बोलू शकतो. पहिल्या क्षणी यातून भयकथा सुचते. पण थोडं थांबून विचार केला, तर पहिल्याच दिवशी दारात सावकार उभा दिसेल, कारण देणं कबूल करून घ्यायची ही शेवटची संधी. मृत्युपत्र नावाची गोष्ट तिथे बहुधा नसेलच. भाऊबंद खोलीच्या दाराशी पहारा देतील, कोणी काय विचारावं यावर भांडणं होतील. गावात मृतांना नेमके प्रश्न विचारणारा एखादा व्यावसायिक असेल आणि त्याची बिदागी ठरलेली असेल. खुनी माणूस वेगळ्या तऱ्हेने खून करेल. आणि नवऱ्याला आयुष्यभर एक प्रश्न विचारायचा राहिलेली एखादी बाई या तेरा दिवसांत तरी तो विचारेल का? इथवर आलो की कल्पनेतून कथा सुरू झालेली असते.

आधी पाणी

‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतून (पहिली कादंबरी १९८३) पृथ्वीला चार हत्तींच्या आणि एका कासवाच्या पाठीवर ठेवणारे टेरी प्रॅचेट तसे थट्टेखोर लेखक. पण कल्पित शहर रचताना गोडं पाणी आत कसं येतं आणि मैला बाहेर कसा जातो, इथून सुरुवात करावी असं ते सांगत. त्यांचं अंख-मॉरपॉर्क शहर वाचकाला खरं वाटतं, ते तिथल्या संघटनांमुळे, शहराच्या पहारेकऱ्यांमुळे आणि घाणेरड्या नदीमुळे.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’चं मत याहून निराळं नाही. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावं, हे तर त्यात आहेच. पण एखादा झरा पुरतो म्हणून निश्चिंत राहू नये, कारण युद्धात तोफांच्या दणक्यांनी झरे आटतात, म्हणून साठवणीची टाकी वेगळी करावीत, असंही त्यात बजावलं आहे. आरमारासाठी लाकूड हवं असलं तरी रयतेची आंब्या-फणसाची झाडं तोडू नयेत. ती वाढायला वर्षं लागतात, लोकांनी ती लेकरांसारखी जपलेली असतात. झाड अगदी जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊनच न्यावं. अद्भुतकथा लिहिणाऱ्याला याहून चांगली शिकवणी मिळणं कठीण. तोफेच्या आवाजाने आटणारा झरा हा वेढ्याच्या प्रकरणातला ऐन वेळचा घाव आहे, आणि फणस तोडायला आलेला सरकारी कारकून हा एका संपूर्ण कथेचा खलनायक होऊ शकतो.

सैन्य हलवायचं असेल तेव्हाही हाच विचार करावा. मोगलांच्या, मराठ्यांच्या आणि पुढे इंग्रजांच्याही फौजांना धान्य पुरवणारे बंजारे बैलांच्या तांड्यांवर ते वाहून आणत. घोडदळ कितीही चपळ असलं तरी लांबच्या मोहिमेचा वेग अखेर बैलाच्या चालीशी बांधलेला असे. पावसाळ्यात मोहिमा थांबत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन होई. मराठी सैन्यात बारगिराचा घोडा सरकारी असे, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा मेला तर शिलेदाराचं उपजीविकेचं साधनच गेलं. एवढा फरक लक्षात ठेवला तर एकाच लढाईत शेजारी उभी असलेली दोन पात्रं वेगळी का वागतात, याला भक्कम कारण मिळतं. नकाशावर बाण काढून सैन्य पुढे सरकवण्याआधी वाटेत चारा आणि विहिरी कुठे आहेत ते ठरवावं. बहुतेक वेळा कथानकाची दिशा तिथेच सापडते.

वराची कलमं

जादूच्या बाबतीत सँडरसन यांनी २००७ मध्ये मांडलेला एक नियम फँटसी लिहिणाऱ्यांमध्ये सर्वतोमुखी झाला. त्याचा मथितार्थ असा, की जादू कशी चालते हे वाचकाला जितकं नीट कळलेलं असेल, तितकाच लेखकाला तिच्या जोरावर कथेतला पेच समाधानकारकपणे सोडवता येतो. त्यांच्याच ‘मिस्टबॉर्न’मध्ये माणसं धातूचे कण गिळून पोटात ‘जाळतात’. पोलादामुळे समोरचा धातू ढकलता येतो. पण तो हलका असेल तर तो उडतो, आणि जड असेल तर ढकलणारा मागे फेकला जातो. नियम कळला की प्रत्येक नाणं आणि प्रत्येक खिळा वाचकाला हत्यार दिसू लागतो.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. हिरण्यकशिपूचा वर आठवा. माणसाकडून नाही, पशूकडून नाही, घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, शस्त्राने नाही. सगळी कलमं आधी वाचून दाखवली जातात. मग नरसिंह संधिकाळी उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन, नखांनी त्याला फाडतो. इथे एकही अट मोडलेली नाही. प्रत्येक अटीतली फट शोधलेली आहे. ऐकणाऱ्याला बसणारा धक्का आणि ‘हे असंच व्हायला हवं होतं’ हे समाधान एकाच वेळी येतं, ते कलमं आधीपासून उघड असल्यामुळे.

अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’तल्या वेताळकथांतही हीच कारागिरी आहे. (त्यामागची लुप्त ‘बृहत्कथा’ परंपरेने पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडली जाते.) उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होतील, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. दोन ओळींच्या या नियमाने पंचवीस कथांचा गाडा ओढला. आपल्या कथांतल्या शापाला उःशाप असतो, वराला अट असते, तपाला वर्षं मोजावी लागतात. शक्तीला मर्यादा असावी, हे आपल्या आजी-आजोबांच्या कथनातच मुरलेलं आहे.

मर्यादा कशी शोधायची? आपल्या बोलत्या मृतांकडेच परत जाऊ. समजा, मृत माणूस फक्त स्वतःच्या घराच्या उंबरठ्याच्या आतच बोलू शकतो. लगेच दुखणाईत माणसं घरी परतायची घाई करू लागतील. रणांगणावर पडलेला शिपाई मुका राहील, म्हणून प्रेतं वेगाने गावी पोहोचवणाऱ्यांचा धंदा उभा राहील. ज्याला घरच नाही, त्याचं शेवटचं म्हणणं कोणी ऐकणार नाही. आता हे जग अन्याय करू लागलं आणि त्यामुळे जिवंत झालं. मृताला खोटं बोलता येतं की नाही, हे ठरवणं मात्र टाळू नका, कारण त्या राज्यातला प्रत्येक खटला त्यावर अवलंबून आहे.

जादूचा असा काटेकोर तपशील सगळ्याच कथांना लागतो असं नाही. उर्सुला ल ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) मध्ये वस्तूचं खरं नाव जाणणं म्हणजे तिच्यावर सत्ता मिळवणं. पण एका बेटावर पाडलेला पाऊस दुसरीकडचा दुष्काळ ठरू शकतो, म्हणून शहाणा जादूगार हात आवरतो. इथे नियम यंत्रासारखा चालत नाही, तो नीतीचा आहे. आपल्याकडे जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा वाचताना कोणी नियमावली मागत नाही. तिथलं अद्भुत माणसाच्या नियतीचा प्रश्न तीव्र करण्यासाठी येतं, पेच सोडवण्यासाठी येत नाही. त्यामुळे निवड सोपी होते. जादूने नायकाला वाचवायचं असेल तर तिचे नियम आधी दाखवावेत. जादूने त्याला गोंधळात टाकायचं असेल तर गूढ राखायला हरकत नाही.

पात्रांच्या तोंडी

टॉल्किन यांनी आपल्या एल्फ लोकांसाठी भाषा रचल्या. क्वेन्यावर फिनिश भाषेचा प्रभाव आहे, सिंदारिनवर वेल्श भाषेचा. ते ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते, त्यांना ते साधलं. प्रत्येकाने व्याकरण रचत बसायची गरज नाही, पण एका प्रदेशातली नावं एका कानाची वाटली पाहिजेत. मराठीत फँटसी लिहिताना सगळीच पात्रं विक्रमसेन आणि चंद्रप्रभा झाली की कथा पौराणिक मालिकेकडे घसरते. बंदरातली नावं, डोंगरातली नावं आणि दरबारातली नावं वेगळ्या घडणीची ठेवली की कोण कुठला हे वाचकाला न सांगता कळतं.

मराठी लेखकाच्या हाताशी आणखी एक साधन आहे. तू, तुम्ही आणि आपण. राणी सेनापतीला चारचौघांत ‘तुम्ही’ म्हणते आणि एकांतात ‘तू’ म्हणते, एवढ्यावर एक प्रकरण उभं राहू शकतं. पहिल्यांदा मालकाला ‘अरे’ म्हणणारा गडी म्हणजे बंडाची सुरुवात. कोणत्या जातीजमातीचं माणूस कोणाला काय म्हणतं, सासू सुनेला आणि पुजारी भक्ताला कशी हाक मारतात, याचे नियम तुमच्या जगासाठी एकदा ठरवा आणि मग ते मोडायची वेळ जपून निवडा.

काळाची आणि अंतराची मापंही अशीच. किल्ल्याच्या बुरुजावरचा पहारेकरी ‘दहा मिनिटं थांब’ म्हणाला की घड्याळ डोळ्यांसमोर येतं. घटका २४ मिनिटांची, प्रहर साधारण ३ तासांचा, अंतराला कोस. ही मापं आपल्या भाषेत तयारच आहेत. ती नको असतील तर तिथल्या लोकांच्या कामातून नवी घडवावीत. विणकरांच्या गावात वेळ एखाद्या पट्टीच्या विणकामावर मोजला जाईल, कोळ्यांच्या गावात भरती-ओहोटीवर.

किती सांगायचं

वही भरली की ती सगळी वाचकाला दाखवायचा मोह होतो. बोलत्या मृतांच्या राज्याची अशी सुरुवात सहज सुचेल: ‘तीनशे वर्षांपूर्वी महाराज तेजोधर यांनी यमराजाशी करार केला होता. त्यानुसार राज्यातील प्रत्येक मृताला तेरा दिवस बोलण्याची मुभा मिळाली.’ माहिती पूर्ण आहे, पण दृश्यात माणूसच नाही. आता हे पाहा:

‘दादा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सावकार आला. त्याने चपला बाहेर काढल्या आणि वहिनींकडे न पाहता आतल्या खोलीकडे वळला. “अजून बोलतात ना?” त्याने विचारलं. “बोलतात,” वहिनी म्हणाल्या. “फक्त तुमचं नाव काढलं की गप्प होतात.”’

करार, महाराज, तीनशे वर्षं यातलं काहीच इथे आलेलं नाही. तरी मृत बोलतात हे कळलं, लोकांना ते सवयीचं आहे हे कळलं, आणि या घरावर कर्ज आहे हेही कळलं. पात्राला जे रोजचं आहे त्याचं त्याला नवल वाटता कामा नये. माहिती सांगायची वेळ तेव्हाच येते, जेव्हा ती नसल्याने एखाद्याचं काही अडतं. करार रद्द होणार अशी दवंडी पिटली गेली की मग महाराज तेजोधर कोण होते हे वाचक स्वतःहून विचारेल.

संपादक नसताना

एकट्याने पुस्तक काढणाऱ्या लेखकाने एक नोंदवही ठेवलीच पाहिजे. पात्राचं वय, डोळ्यांचा रंग, जखम कोणत्या हाताला, कोणत्या प्रकरणात कोणती तिथी. टॉल्किन ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहीत असताना, वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या पात्रांच्या आकाशात चंद्राचं उगवणं-मावळणं जुळत नाही हे १९४४ मध्ये त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी प्रकरणं दुरुस्त केली. मार्टिन यांच्या मालिकेत एका घोड्याचं लिंग एका पुस्तकातून दुसऱ्यात जाताना बदललं, ते त्यांनी हसत मान्य केलं आहे. सँडरसन यांच्याकडे तर सुसंगती तपासणारी वेगळी संपादक आहे. हे सगळं ज्याला परवडत नाही, त्याला किमान वही परवडते.

विसंगती सापडली म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. १९३७ च्या ‘द हॉबिट’मध्ये गॉलम हा प्राणी नायक बिल्बोशी लागलेल्या पैजेत अंगठी द्यायला स्वखुशीने तयार असतो. पुढच्या कादंबरीत त्याच अंगठीने माणसाला गुलाम करणं भाग होतं, मग तो ती सहजी कशी देईल? टॉल्किन यांनी १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं. आणि जुनी हकीकत ही बिल्बोने सांगितलेली थाप होती, असा खुलासा नव्या कथेत पेरला. थाप त्याने का मारली, याचं उत्तर अंगठीच्या प्रभावात होतं. चुकीतून पात्राचा स्वभाव उलगडला.

वाचकांपर्यंत पोहोचायचं कसं? क्रिस्टोफर पाओलिनी यांचं ‘एरागॉन’ २००२ मध्ये घरच्याच प्रकाशनाने काढलं. मुखपृष्ठ आणि नकाशा लेखकाने स्वतः काढला, आणि मध्ययुगीन पोशाख घालून तो शाळा आणि ग्रंथालयांतून फिरला. पुढच्या वर्षी ते मोठ्या प्रकाशनसंस्थेकडे गेलं. लेखक मार्क लॉरेन्स यांनी २०१५ मध्ये स्वयंप्रकाशित फँटसीसाठी एक स्पर्धा सुरू केली. त्यात १० परीक्षक ब्लॉग शेकडो पुस्तकांतून एकाची निवड करत. एम. एल. वांग यांची ‘द सोर्ड ऑफ काइगेन’ अशीच पुढे आली. सँडरसन यांनी मार्च २०२२ मध्ये चार कादंबऱ्यांसाठी वाचकांकडून थेट ४ कोटी १७ लाख डॉलर गोळा केले, तो आकडा डोळे दिपवतो. पण त्यामागे दीड दशकाहून अधिक काळ वेळेवर पूर्ण केलेली पुस्तकं होती. वाचक पैसे जगावर लावतो असं वाटतं, खरं तर तो लेखक गोष्ट पूर्ण करेल या खात्रीवर लावतो.

म्हणून पहिल्याच पुस्तकात सगळं विश्व ओतू नये. ल ग्विन यांनी द्वीपसमूहाचा नकाशा आधी काढला, पण पहिली कादंबरी लहान आणि स्वयंपूर्ण ठेवली. अनेक बेटांवर नायकाचं पाऊलही पडलं नाही. त्या मोकळ्या जागेमुळे १९९० मध्ये ‘तेहानू’ लिहिताना त्यांना आपल्याच जगाला विचारता आलं, की जादूगार फक्त पुरुषच का होतात. तुम्हीही महाकाव्याचा पहिला खंड हाती घेण्याआधी त्याच जगातली एक कथा पूर्ण लिहा. एक घर, एक मृत, तेरा दिवस. वहिनींना दादांकडून नेमकं काय काढून घ्यायचं आहे आणि ते सावकाराच्या आधी कसं मिळवायचं, हे ठरवा. त्यासाठी राज्याचा जेवढा इतिहास लागेल तेवढाच रचा. बाकीचा पुढच्या पुस्तकाला लागेलच.